उघाडीची वही

१

"सदर नोंदवही पुराच्या पाण्यात भिजून नष्ट झाल्याने माहिती देता येत नाही."

असलं वाक्य वाचलं की माझं माथं भडकतं. मी मैना. एकतीस वर्षं सरकारी रेकॉर्डरूममध्ये कागद सांभाळले. आता निवृत्त होऊन रोह्याजवळ वरसेला राहते आणि लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज फुकट लिहून देते. कागद कसे गहाळ होतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. गहाळ करणारे माझ्याच शेजारच्या टेबलांवर बसून चहा प्यायचे.

समोर हौसा बसली होती. जिते स्टेशनावर सकाळची गाडी पकडून आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं तीन पत्रं काढून माझ्यापुढे ठेवली.

"बाय, ही तिसरी चिठी. पयल्या चिठीत म्हनले चौकशी चालू हाय, दाखवता येनार नाय. दुसरीत म्हनले वही गावत नाय. आता म्हनतात पुरात गेली. मानूस येकदाच मरतो. वही तीनदा कशी मरते?"

मरून गेलेला माणूस म्हणजे तिचा नवरा, शिवा. खाडीचं खारं पाणी शेताबाहेर अडवणाऱ्या त्यांच्या गावच्या खारबांधावरचा तो उघाडीवाला होता. बांधाला जे दार असतं ती उघाडी. ओहोटीला दार उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती यायच्या आत ते घट्ट लावायचं, हे त्याचं काम. बांधावरच्या कोठडीत एक वही टांगलेली असे. त्यात तो रोजची भरतीची वेळ आणि दाराची स्थिती लिहून सही करायचा. दोन वर्षांपूर्वी श्रावणी अमावास्येला भर दुपारी दार फुटलं, खाडी शेतात शिरली आणि शिवा दारापाशीच बुडाला. गावाची सगळी भातशेती खारी झाली.

चौकशी अहवालात लिहिलं होतं, "उघाडीवाला गैरहजर. दार उघडे ठेवल्याने दुर्घटना." आठवड्यात चौकशी संपली. मेलेल्या माणसाचा जबाब घ्यायचा नसतो, त्यामुळे काम भराभर उरकतं.

"गावदेवीच्या भंडाऱ्याला माजं पान मांडीत नाय," हौसा म्हणाली. "माजी पोरगी मनस्वी, तिचं जमलेलं लगीन मोडलं. देवळावर उघाडीवाल्यांच्या नावांची पाटी हाय, तिच्यात ह्यांच्या नावावर रंग मारला. बाय, त्या वहीत ह्यांनी लिवलेलं हाय का दाराची फळी कुजली. मला बोलून दाखवायचे. मला वही पायजे. दुसरं काय नको."

मी तिला जेवायला बसवलं. वालाचं बिरडं वाढलं. तिनं बोटाचं टोक रश्शात बुडवून जिभेला लावलं आणि मान हलवली. "मीठ रातच्याला घातलंस का गो? आता घातल्याचं येगलं लागतं."

मिठागरात जन्म गेलेली बाई. तिचं बरोबर होतं, बिरडं कालचं होतं.

२

ती पत्रं पाठवणाऱ्या पेणच्या खारभूमी कचेरीत मी दुसऱ्याच दिवशी धडकले. सुशील नावाचे शाखा अभियंते तिथले माहिती अधिकारीही होते. साताऱ्याकडचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं.

"मॅडम, आम्हालाही वाईट वाटतं. पण पुरापुढे कुणाचं काय चालतं?"

"बरं. मग नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी दाखवा. वही कुठल्या वर्गातली, कुणाच्या सहीनं आणि किती तारखेला निकाली काढली? त्याशिवाय कचेरीतला एक चिटोराही टाकता येत नाही. मी एकतीस वर्षं तेच केलंय."

साहेबांचं लोणी जरा घट्ट झालं. "ती यादी... तीही भिजली."

"वा! म्हणजे पुराला नेमकं ठाऊक होतं कुठला कागद भिजवायचा."

"लेखी अर्ज करा," ते म्हणाले आणि फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

मी बाहेर आले. ही माणसं खोटं बोलतात याचं मला आता नवल वाटत नाही. पण खोटं बोलताना ती जराही मेहनत घेत नाहीत, याची चीड येते. समोरच्या बाईला दोन गाड्या बदलून यावं लागतं आणि ह्यांना धड एक थाप रचायचा कंटाळा.

ती वही बांधावरून कचेरीत आली, हे पंचनाम्यातच लिहिलेलं होतं. इथे तिला हात लागू शकले असते ते तिघांचे. सुशीलसाहेब, लिपिक प्रविण आणि शिपाई दाजी.

दाजी व्हरांड्यात लाल कापडाचे रुमाल बांधत बसले होते. सरकारी कागदांची गाठोडी, आम्ही त्यांना रुमालच म्हणतो. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, हौसाच्याच गावचे. मी शेजारी बाकावर टेकले.

"दाजी, शिवाची वही पाहिली होती तुम्ही?"

त्यांनी गाठ आवळली. दाराकडे एकदा पाहिलं. "पावनेदोन वरसं राहिलीत माजी, बाई. पेन्शन हाय. मला काय इचारू नका."

"दार फुटलं त्या आठवड्यात काय झालं एवढं तरी सांगा."

"त्या आठवड्याला पानीच उलटं व्हतं," ते पुटपुटले. मग हातातला रुमाल माझ्यापुढे धरला. "ह्ये बघा, तुमचे अर्ज. नामंजूर झालेले. सगळे मीच बांदतो. येकदा बांदला का ह्यो रुमाल कोन सोडीत नाय."

मला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. मी रागानं उठून चालती झाले. तेवढा राग मी गिळला असता तर पुढचे दोन महिने वाचले असते.

३

प्रविण रोह्याचाच. त्याचे वडील माझ्या माहेरच्या शेजारी वाल आणि भात करायचे. मोठा भाऊ धाटावला कंपनीत. रविवारी मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो भावाची स्कूटर पुसत होता. मला पाहून फडकं हातातून गळालं.

"आत्या, तुम्ही ह्यात पडू नका."

"का?"

"साहेब वरपर्यंत पोचलेले आहेत. त्या उघाडीला मे महिन्यात नवीन दार बसवल्याचा दाखला आहे. निकेश ठेकेदाराचं काम. साहेबांची सही. नवीन दार तीन महिन्यांत कुजतं का? मग शिवाचीच चूक ना?"

"तू ते नवीन दार पाहिलंस?"

त्यानं फडकं उचलून झटकलं. मग एकदम म्हणाला, "मला खाडीतलं काय कळतं? आपण भातवाले. भरती कधी, ओहोटी कधी, मला तर शिवाचं अक्षरसुद्धा लागत नव्हतं."

बोलून गेला आणि ओठ चावला.

"लागत नव्हतं? म्हणजे तू वही वाचायला घेतली होतीस. कधी?"

त्यानं स्कूटर सुरू केली आणि पेट्रोल भरायचं निमित्त करून निघून गेला. मी पहिलं अपील ठोकलं. सुनावणीची तारीख लागायला दोन महिने गेले. त्या काळात हौसाच्या मनस्वीचं आणखी एक स्थळ परत गेलं.

४

सुनावणीला अपिलीय अधिकारी म्हणून अलिबागहून कार्यकारी अभियंता बाई आल्या होत्या. आम्ही बसतो न बसतो तोच सुशीलसाहेब हसत उभे राहिले.

"आनंदाची बातमी आहे, मॅडम. नोंदवही सापडली."

त्यांनी टेबलावर एक वही ठेवली. पानं सुरकुतलेली, कडेला पाण्याचे डाग. "माळ्यावर मिळाली. भिजलेली आहे, पण वाचता येते. अर्जदार बाईंचं समाधान व्हावं म्हणून आम्ही कसून शोध घेतला."

हौसा माझा हात धरून बसली होती. बाईंनी शेवटची पानं उघडून वाचायला सुरुवात केली. "दार सुस्थितीत. दार सुस्थितीत. दार सुस्थितीत." सहा दिवस तेच. अमावास्येच्या दिवशी भरतीची वेळ आणि पुढे, "उघाडीवाला गैरहजर."

हौसानं माझा हात सोडून दिला.

"गैरहजर असलेल्या माणसानं हे लिहिलं कसं?" मी ओरडले.

"त्या दिवशीची नोंद कार्यालयानं नंतर घेतली," साहेब शांतपणे म्हणाले. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

मी वही ओढून घेतली. कागद जुना वाटत होता, अक्षरही हौसाकडच्या शिवाच्या जुन्या अर्जावरच्या सहीसारखं गिरवलेलं. नुसत्या संशयानं अपील जिंकता येत नाही. दोन वर्षं वही नाही म्हणून नाडलं आणि आता खोटी वही देऊन गाडायला निघाले होते. आधी माहिती न देऊन खोटं बोलायचं, मग माहिती देऊन. मला रडू येईल असं वाटलं आणि रडण्याचाही राग आला.

तेवढ्यात हौसानं वही स्वतःकडे घेतली. पान उचललं, कोपरा तोंडाशी नेला आणि जिभेला लावला.

"अहो बाई! सरकारी दस्तऐवज आहे तो!" साहेब किंचाळले.

हौसानं दुसरं पान चाखलं. मग मधलं एक. मग वही टेबलावर ठेवली.

"आळनी हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"आमच्या बांधावरच्या कोठडीत चार म्हैने टांगलेली वही हाय ना ही? तिथं रातभर भाकर ठेवली तरी सकाळी खारट लागते. दाराच्या कडीवर मीठ बसतं. ही वही खाडीवर आलीच नाय. हिला नळाखाली धरलीय."

मी डागांवरून बोट फिरवलं. पेणच्या पुराचं पाणी गढूळ, ते गेल्यावर फायलींत गाळ राहतो, मी दहा वेळा झटकलाय. इथे गाळाचा कणही नव्हता.

साहेब हसले. "आता चव हा पुरावा मानायचा का?"

अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, पण चव कुठल्या नियमात बसते हे त्यांना सापडत नव्हतं. "अर्धा तास देते. ठोस काही असेल तर दाखवा. नाहीतर हीच वही ग्राह्य धरून अपील निकाली."

५

आम्ही वही घेऊन व्हरांड्यात बसलो. प्रविण आमच्यावर लक्ष ठेवायला दारात उभा होता.

"मला भरतीच्या येळा वाच गो," हौसा म्हणाली. "पयल्यापासून."

मी वाचत गेले. ती बोटांच्या पेरांवर तिथी मोजत होती. "तिथीची पाऊनपट करायची, का भरती निघते. आमची खाडी आत हाय म्हून वर आनकी पाऊन तास. आठमीला सा, वर पाऊन, म्हनजे पावनेसात. वाच पुढं."

एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सगळं जुळलं. मध्ये एका दिवशी लिहिलं होतं, "पश्चिमेचा वारा. भरती अर्धा तास आधी." हौसा थांबली. "ह्ये खरं हाय. त्या दिशी माजी वाळत टाकलेली मच्छी वाहून गेलेली. ह्ये हिशोबानं काढता येत नाय. जो बांधावर उभा हाय त्यालाच कळतं."

माझ्या डोक्यात दिवा पेटला. हिशोबानं काढता येत नाही, म्हणजे ही वही खोटी असली तरी खऱ्या वहीवरून उतरवलेली होती. उतरवताना खरी वही समोर उघडी होती. ती पुरात गेलेलीच नव्हती.

"आता शेवटचे सात दिवस ऐक," मी म्हणाले. "बारा. सव्वाअकरा. साडेदहा. पावणेदहा. नऊ. सव्वाआठ. साडेसात."

हौसा उठून उभी राहिली. "पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"भरती रोज पाऊन तास उशिरानं येते, बाय. आदल्या दिसाच्या आदी कवा येत नाय. आनि अमाशेच्या दिशी साडेसात? माजा नवरा भर बाराला बुडाला. सगल्या गावानं बघितलं. नवमीला साडेसात व्हती. ह्या येळा उलट्या लिवल्यात."

पानीच उलटं व्हतं. हे वाक्य मी ह्याच व्हरांड्यात ऐकलं होतं.

मी त्या सात ओळी खालून वर वाचल्या. साडेसात, सव्वाआठ, नऊ, पावणेदहा, साडेदहा, सव्वाअकरा, बारा. प्रत्येक वेळ आपापल्या दिवसावर बरोबर बसली.

"हौसा, प्रविणला शिवाचं अक्षर लागत नव्हतं. त्यानं नुसतं लिहिलं. कुणीतरी त्याला वाचून दाखवत होतं. चार महिने सरळ वाचलं. आणि जिथे शिवाच्या तक्रारी खोडून खोटं घालायचं होतं, तिथे वाचणाऱ्यानं वेळा मुद्दाम खालून वर वाचल्या. रोह्याच्या प्रविणला कळलं नाही, साताऱ्याच्या साहेबाला तर नाहीच. खाडीवरच्या कुणाच्याही हातात वही पडली असती तर त्यानं तिथेच बोट ठेवलं असतं. इथे खाडीवरचा माणूस एकच आहे."

"दाजी," हौसा म्हणाली. "दोन वरसं माज्या दारावरून गेला. येका शबुदानं बोलला नाय."

मी प्रविणकडे पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला होता.

वही कुठे आहे, हे मला आता विचारायची गरज नव्हती. दाजींनी मला दोन महिन्यांपूर्वी ती हातात धरून दाखवली होती आणि मी टोमणा समजून निघून गेले होते.

६

"माझी एकच मागणी आहे," मी आत जाऊन म्हटलं. "नामंजूर झालेल्या माहिती अर्जांचा रुमाल इथे आणून सोडा."

सुशीलसाहेब ताडकन उठले. "नाही! त्यात त्रयस्थांची वैयक्तिक माहिती आहे. कलम आठनुसार ती उघड करता येत नाही. लेखी अर्ज करा!"

"रुमाल आणा," अधिकारी बाई म्हणाल्या.

दाजी कोपऱ्यातच उभे होते. कुठला रुमाल, कुठलं कपाट, काही न विचारता ते गेले आणि लाल गाठोडं घेऊन आले. गाठ सोडताना त्यांना वेळ लागला. वर हौसाचा पहिला अर्ज होता, तिच्या अंगठ्यासकट. त्याखाली गावोगावच्या लोकांचे अर्ज, रस्ता मागणारे, रेशन मागणारे, मोजणी मागणारे, प्रत्येकावर नकाराचा शिक्का. ह्या कचेरीत सर्वांत सुरक्षित जागा कुठली, हे दाजींना बरोबर ठाऊक होतं. लोकांनी जे विचारलं ते ही माणसं पुन्हा कधीच उघडून बघत नाहीत.

सगळ्यांच्या तळाशी एक वही होती. फुगलेली, टाचणीला गंज चढलेली, पानं दमट.

हौसानं कोपरा जिभेला लावला. तिचे डोळे मिटले.

"ही," ती म्हणाली. "ही हाय."

अधिकारी बाईंनी शेवटची पानं मोठ्यानं वाचली. नवमी, फळी कुजली, साहेबांस कळविले. एकादशी, फळी हलते, दार बदलावे. चतुर्दशी, नवीन दार आलेच नाही, कागदावर बसले म्हणतात. आणि शेवटची ओळ, "अमावास्या. भरती बारा. साहेबांस तीन फोन. म्हणाले तक्रार करू नको. फळी सुटते आहे. मी दारापाशी थांबतो."

"मला साहेबांनी लिहायला लावलं," दारातून प्रविण म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"आनि खरी वही मला खाडीत टाकायला सांगितली," दाजी म्हणाले. "मी कागूद कवा फेकला नाय. हौसे, मला..."

"नको बोलू," हौसा म्हणाली. "दोन वरसं गप व्हतास, आता बी गप बस. वही ठेवलीस, त्याचं बरं केलंस. माजी दोन वरसं कुठल्या रुमालात बांदलीस ती सांग."

दाजींनी मान खाली घातली. सुशीलसाहेब अजून कलमं शोधत होते. अधिकारी बाईंनी दोन्ही वह्या आपल्या ताब्यात घेतल्या, पोलिसांना पत्र लिहायला बसल्या आणि हौसाला शेवटच्या पानाची शिक्का मारलेली नक्कल दिली.

पुढच्या मंगळवारी गावदेवीच्या भंडाऱ्याला मी हौसाबरोबर गेले. पंगत बसायच्या आधी ती देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि मला म्हणाली, "वाच, मोठ्यानं." मी वाचलं. मग धोंडुबाई पुढे आली. तिची सगळी जमीन त्या दिवशी खारी झाली होती आणि शिवाला सर्वांत जास्त शिव्या तिनंच घातल्या होत्या. तिनं नक्कल घेतली, कोपरा जिभेला लावला.

"आळनी हाय गो, हौसे."

"झेरॉक्स हाय ती. खरी पेणला हाय."

"मंग आमी कशाला मानायचं?"

"नका मानू," हौसा म्हणाली. "मला दोन वरसं लागली वहीला जीभ लावायला. तुमी बी अर्ज करा. जावा, चाखून या. तवर मी तुमच्या पंगतीला बसनार नाय."

ती खरंच बसली नाही. नक्कल घडी करून पदरात घेतली आणि घरी निघाली. मी मागे राहिले, कारण धोंडुबाईनं माझा हात धरून ठेवला होता. तिला अर्ज लिहून हवा होता. तिच्यामागे आणखी माणसं उभी राहिली. पंगतीची पानं तशीच मांडलेली राहिली आणि मी देवळाच्या पायरीवर बसून संध्याकाळपर्यंत एकच मागणी पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, "उघाडीवाला शिवा याच्या मूळ वहीचे समक्ष निरीक्षण मिळावे."

शेवटचा अर्ज लिहून मान वर केली तेव्हा एक माणूस शिडी लावून उघाडीवाल्यांच्या पाटीवरचा रंग खरवडत होता.